चार बोटं खाली

५ जानेवारी
जुनी फटफटी शेडमधून बाहेर काढली. मी, मधुकर आणि शेजारचे दोघे. चाकं जाम. ताडपत्रीखाली पालीची अंडी आणि एक लोकरी मोजा, कोणाचा ते कळलं नाही.
म.ना ती नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची आहे. मार्चअखेर. तिथे दोन गट, 'मूळ स्वरूप' आणि 'बदललेल्या'. म्हणाले, मूळमध्येच न्यायची. कंपनीतून निघाली तशी करून. काळा रंग, उंच सीट, लांब हँडल.
"तुले काय वाटते, सुमन?"
म्हटलं, करायचं तर पूर्ण करा. अर्धवट काही नको.
चाळीस वर्षांत त्यांना एवढं ठाऊक झालं आहे की मी हो म्हटलं म्हणजे पुन्हा विचारायचं नाही. लगेच फोनवर फोटो पाठवत बसले.
हिरवा रंग उन्हात अजून तसाच. शेवाळासारखा नाही, शाळेतल्या हिरव्या फळ्यासारखा.

७ जाने.
मेळाव्याचा अर्ज. घरातले अर्ज मीच भरते, म.चं अक्षर त्यांना स्वतःला लागत नाही. रकाना नऊ : गाडीत केलेले बदल. 'नाही' असं लिहिलं. मार्चपर्यंत उरणारच नाहीत.
रजिस्टर पोस्टाने पाठवला. फोनवरून भरायची सोय होती. कागद बरा.

१२ जाने.
दुपारी डोळा लागला. आष्टीचा रस्ता दिसला. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, धुकं आणि मी. गाडीचा आवाज नव्हता. चाकं फिरत होती, ओळी मागे जात होत्या आणि मी मात्र उभीच होते एका जागी. पाय जमिनीला टेकलेले.
जागी झाले तर कुकरची शिट्टी. तीन झाल्या होत्या की चार, कळेना. डाळ गाळ झाली.
पाय जमिनीला टेकलेले, हेच खरं त्या गाडीचं. म. पाच फूट अकरा, मी चार फूट अकरा. ८५ साली मुख्यसेविका म्हणून नेमणूक झाली, आष्टी तालुक्यात. तेवीस अंगणवाड्या. एस.टी. सहा गावांना जायची, बाकीच्या सतरांना पायी. म.ची फटफटी होती, पण मी बसले की पाय लोंबकळत. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुलगावच्या गजानन मिस्त्रींकडून ती माझ्या मापाची करून घेतली. सीटखालची नळी कापून चार बोटं खाली जोडली, वर बुटकी सीट बसवली. हँडल बदलून माझ्याकडे वाकलेलं घातलं. किकचा दांडाही लांबचा बसवला, म्हणजे माझ्या वजनाला इंजिन ऐकेल. रंग गिरणीच्या यंत्रांना लावतात तो. मिस्त्री तेव्हा गिरणीत फिटर होते. म्हणाले होते, या रंगाले काई होत नाई.
बारा वर्षं चालवली. मग स्कूटी आली.
आता हे सगळं काढायचं. बरोबरच आहे. मूळ ते मूळ.

१९ जाने.
गजानन मिस्त्री आले. सत्त्याहत्तर वय, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण नळीवरून बोट फिरवलं आणि थांबले. "हे टाके माये आहेत."
म. म्हणाले, "तेच काढायचे आहेत, मिस्त्री. ओरिजनल करायची."
"काऊन? हे काय डुप्लिकेट आहे का?"
म. हसले. मी हसले नाही. मिस्त्री माझ्याकडे पाहत होते.
"बाई, तुमाले चालते का?"
म्हटलं, मीच हो म्हटलं आहे.
"मंग झालं."
चहा घेतला. बशीतूनच. गाडी आधी सुरू करून पाहतो म्हणाले. कापाकापी नंतर, पुलगावला, वेल्डिंग मशीन तिकडे आहे. जाताना पुन्हा नळीला हात लावला. गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

२६ जाने.
झेंडावंदनाहून आलो. म. शिडी घेऊन माळ्यावर. तीन बोचकी खाली आली, तरटात बांधलेली. एकात सीट, एकात हँडल, एकात किकचा दांडा आणि बारीकसारीक. गाडीचे मूळचे भाग. एकाही तुकड्याला गंज नाही.
"हे फेकले नव्हते?"
"नाई."
"इतकी वर्षं?"
"दर दिवाळीच्या आधी तेल लावत होतो." मग, खाली बघून, "तू जाळे काढाले लागली का मीच माळ्यावर चढत होतो ना. म्हणून."
खरंच. दर दिवाळीला माळा तेच साफ करत. मी त्यांना सांगत असे, तिथे एवढा वेळ काय लावता.
सीट हातात घेतली. जड. कातडं मऊ, लोण्यासारखं. माझ्या ओळखीची नव्हती ती. यांच्या ओळखीची होती.

३० जाने.
लिहिण्यासारखं काही नाही. हरभरा सोलला. दोघांनी मिळून, अंगणात. उन्हं पायांवरून सरकत गेली. म.चे पाय केवढे लांब आहेत.

९ फेब्रु.
मिस्त्री सकाळी दहापासून कामाला लागले. प्लग, पेट्रोलची नळी, कार्बोरेटर धुतला. साडेबाराला म.नी किक मारली. नाही. मिस्त्रींनी मारली. नाही. मग दोघेही बाजूला झाले. मी चपला काढल्या.
तिसऱ्या किकला.
तो आवाज. आधी खोकला, मग बोलणं, मग गाणं असा चढत जातो. पूर्वी पिंपळाजवळून गेलं की बदलायचा, पुलावर बदलायचा, शेवटच्या वळणावर अंगणवाडीतली पोरं "बाई आल्या" म्हणत बाहेर पडायची, आणि मी ते ऐकायच्या आधी पाहत असे. सगळ्यांची तोंडं उघडी, आवाज नाही. नुसती फटफट.
किती वेळ बसून राहिले ठाऊक नाही. म. समोर उभे होते. म्हणाले, "राहू दे का मंग, अशीच?"
आणि मी म्हटलं, "ठरलं ते ठरलं. पुन्हा पुन्हा काय विचारता?"
असं म्हटलं. लिहून ठेवते, कारण उद्या वाटेल की म्हटलं नव्हतं.

१० फेब्रु.
म. बाहेर गेलेले. मिस्त्री हत्यारं न्यायला आले. त्यांना विचारलं, पहिल्यांदा कापली तेव्हा साहेब काय म्हणाले होते.
"काई नाई म्हणले. आणून देली, चावी देली, अन् तिकडे रुळाकडे जाऊन उभे राह्यले. म्या बलावलं, या, पाहा. नाई आले. दोन मालगाड्या गेल्या. काम झाल्यावरच आले."
"आणि मग?"
"मंग म्हणे, बाईचे पाय टेकतीन ना? म्या म्हटलं, टेकतीन. म्हणे, बस."
मला त्या वेळी येऊन सांगितलं होतं : गाडी जरा दुरुस्त करून आणली, बसून पाहा. जरा दुरुस्त. मी टाचा टेकवल्या, हिरवा रंग पाहिला आणि म्हटलं होतं, याहून बरा रंग मिळाला नाही का.
मिस्त्री निघताना फाटकापाशी थांबले. "एक सांगून ठेवतो, बाई. नळी पातळ झाली आता. एक डाव वर जोडली का पुन्हा खाली नाई येत. मंग नका म्हणजा का मिस्त्रीनं सांगतलं नाई."

१३ फेब्रु.
तर असं आहे. नळी वर गेली तर माझी गाडी पुन्हा होणार नाही. नाही गेली तर त्यांची होणार नाही. त्यांनी तिची वाट पाहिली आहे, एकोणचाळीस दिवाळ्या. मी कशाचीच वाट पाहिली नाही. मला मिळत गेलं.
पण मला ती हवी आहे. हिरवी. बुटकी. हे आज पहिल्यांदा कळलं. या वयात काहीतरी हवं असणं, म्हणजे—
शेंगदाण्याचा कूट केला. खारट झाला. भाजताना मीठ दोनदा.

१७ फेब्रु.
पहाटे पुन्हा तोच रस्ता. या वेळी म. चालवत होते. तरुण. काळी गाडी, उंच. मी रस्त्याच्या कडेला रजिस्टर छातीशी धरून उभी. ते थांबले नाहीत. रागावलेही नव्हते. इतके छान दिसत होते की हाक मारायची विसरले.
उठून चहा करून दिला. साखर आहे का बघा म्हटलं. आहे म्हणाले. मला वाटतं नव्हती.

२० फेब्रु.
रकाना नऊ डोक्यातून जाईना. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एका मुलाचं वजन मी पाव किलोने वाढवून लिहिलं नाही. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, लिहिलं नाही. आणि इथे 'नाही'. त्या दिवशी गाडीत तीन बदल होते, माझ्या डोळ्यांसमोर.
मेळाव्याच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. "अर्जात चूक झाली आहे. गाडीत बदल आहेत. सीट खाली, हँडल मागे, किक लांब. शिवाय रंग. ते मार्चमध्ये असतील की नाही, सांगता येत नाही."
पत्र म.ना दाखवलं नाही. टाकून आले. परत येताना पोस्टापासून घरापर्यंत चालत. पळस फुललेत. दरवर्षी फुलतात, पण या वर्षी रस्त्यावर इतके पडलेत की पाय कुठे ठेवावा.

२५ फेब्रु.
कार्यालयातून फोन. पोरगेला आवाज. "मॅडम, मग कोणत्या गटात लिहू?"
"ते ठरायचं आहे."
"पण मॅडम, एक काहीतरी लिहावं लागते."
"पेन्सिलने लिहा."
म. वर्तमानपत्रामागे. पान उलटलं नाही बराच वेळ. मग तिथूनच, "कोणाचा होता?"
सांगितलं. पत्राचंही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"तू लिहिलं, चूक झाली म्हणून?"
"हो."
"तू?"
मग हसले. गेल्या कित्येक दिवसांत नाही असे. मला राग आला, आणि नाहीही. म्हटलं, हसायला काय झालं. तर म्हणाले, काही नाही, काही नाही, आणि पुन्हा हसले. पण गाडीचं काय, ते त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. मला वाटलं ते म्हणतील. त्यांना वाटलं असेल मी.

२ मार्च
पुलगावला मिस्त्रींच्या शेडमध्ये बसून लिहिते आहे. पर्समधली छोटी वही.
सकाळी साडेसहाला निघालो. गाडी इथवर आणायचीच होती. टेम्पो सांगतो म्हणाले म., मी म्हटलं कशाला, कागद दर पाच वर्षांनी मी करून घेतलेत, लायसन आहे. हेल्मेट दोघांनाही. मी पुढे, म. मागे. सीट बुटकी म्हणून त्यांचे गुडघे माझ्या कमरेशी आलेले, टोळासारखे.
देवळीपर्यंत धुकं. तीसच्या वर नेली नाही. गहू कापणीला आलेला, वास तसाच. एका थांब्यावर माणसं वळून पाहत राहिली. एक म्हातारा सोबतच्याला म्हणाला, "अरे, फटफटीवाल्या बाई!" मला तो ओळखू आला नाही. हात केला.
सिग्नलला थांबले. दोन्ही पाय टेकले. मागून म.नी त्यांचेही टेकले. चार पाय. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात तेवढा घट्ट झाला. पोलीस बघत होता.
त्यापुढचा रस्ता आठवत नाही. आठवतं ते असं की आवाज होता आणि आवाजाच्या आत खूप शांत होतं, आणि मला पोचायचं नव्हतं.
शेडपाशी आलो. मिस्त्रींनी मूळची सीट कालच नेलेली, ती बाकावर काढून ठेवली होती. पुसलेली. नळीच्या कापायच्या जागी खडूने खूण केली. मशीनची वायर लावली, काच डोळ्यांवर घेतली, मग पुन्हा वर केली.
"हं. काय ठरलं?"
मी म्हटलं, "साहेबांना विचारा."
त्याच क्षणी म. म्हणाले, "बाईले इचार."
मिस्त्री एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग मशीन बंद केली. समोरच्या टपरीवर ओरडले, "तीन चहा!" आणि ऑइलच्या डब्यावर बसले, आम्हाला पुष्कळ वेळ आहे अशा बेताने.
मालगाडी जाते आहे. म. रुळाकडे गेले नाहीत. इथेच आहेत, बाकावर, सीटच्या पलीकडच्या टोकाला. मी अलीकडच्या.
चहा आला आहे. अजून कोणीच घेतला नाही.