मागाच्या खोलीतली जास्वंद

४ जून
गटाराचं काम दारापर्यंत आलं. कंत्राटदाराचा माणूस कन्नडमध्ये सांगून गेला, उद्या जास्वंद काढणार. लग्नानंतर हिने बेळगुंदीहून, माहेराहून आणलेली फांदी ती. तिकडचं परसदार विकलं, मूळ झाड गेलं. उरली ती हीच. दुसरी आणू म्हटलं. ही उठून रिकामा डबा शोधायला लागली. म्हणजे ठरलंच, हीच ठेवायची.

५ जून
वरून छाटून, मुळासकट काढून पत्र्याच्या डब्यात लावली. घरावर पत्रे, गच्ची नाही. मागाच्या खोलीत ठेवली. चाळीस वर्षं वडगावचं ऊन, शेळ्या, पोरांचे चेंडू सोसलेलं झाड. घरात मरेल कशाला?

१९ जून
पानं पिवळी. एक माग बंद असला तरी दुसऱ्याची सुताची लव उडतेच. फांद्यांच्या बेचक्यांत पांढरी बसते. मागाच्या ब्रशनं झटकली. रोज झटकायची.

२७ जून
झटकतो तरी वाढतेच. सूत हलकं येतंय, व्यापाऱ्याला बोललो. पानं चिकट. कुणीतरी सुताला लावायच्या खळीचा हात पुसला असणार. वर मुंग्या. ही चहाची कपबशी तिथंच ठेवते म्हणून. तसं हिला बोललो.

२९ जून
अबोला. जास्वंदीची आणखी पाच-सहा पानं खाली.

२ जुलै
हिचा भाऊ आप्पा बेळगुंदीहून आला. फांदी बघितली, पांढरं होतं ते नखानं चिरडलं. बोट ओलं, लालसर. म्हणाला, "दाजी, हे सूत न्हाय. पिठ्या ढेकूण हाय, कीड. पानांचा चिकटा बी ह्याचाच, मुंग्या त्यालाच येत्यात. तुमीच ब्रशनं झाडभर पसरवलासा की."
जन्म सुतात गेला आणि सूत ओळखता आलं नाही. लाज वाटली. ही स्वयंपाकघरात होती, ऐकलंच असणार.

३ जुलै
आप्पा सांगून गेला तसं केलं. फांद्या छाटून जाळल्या, खोड साबणाच्या पाण्यानं पुसलं. वीतभर खुंट राहिला. त्याचं म्हणणं, घरात ऊन-वारा नाही, कीड फावते, बाहेर लावा. बाहेर गटार अजून उघडं.
संध्याकाळी ही एवढंच म्हणाली, "ही बी गेली तर माझं म्हायेर म्हणून काय ऱ्हायलं, सांगा."
डबा उचलून खिडकीकडे नेला, मधे बंद माग आडवा.

५ जुलै
खिडकीपुढचा बंद माग सरकवला. वडिलांनी बसवला होता तिथून पहिल्यांदाच हलला. तीन माणसं लागली. आभाळ होतं, तरी फरशीवर उजेड आला. खुंट तिथं ठेवला. हिने चहा आणून दिला. कपबशी मात्र मुद्दाम लांब ठेवली.

१४ जुलै
काही नाही. गटाराचंही काही नाही.

२१ जुलै
खुंटाच्या वरच्या डोळ्यापाशी काहीतरी पांढरट. टाचणीच्या डोक्याएवढं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कोंब, कीड की सूत, सांगता येत नाही. ब्रश हातात होता, तो खाली ठेवला. हिला अजून हाक मारलेली नाही.