पुलाजवळची दुतोंडी पाटी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (ऑफिसात माझं टेबल आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा आहे, म्हणून तो बसल्याबसल्याच घालते आहे). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की करते म्हणून फक्त आम्हाला सांगतेस? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. आई म्हणते, पत्रात रडगाणं लावू नकोस. तेव्हा रडगाणं नाही, घडलं ते फक्त क्रमाने लिहिते.

नगरपालिकेने रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्यांचा मजकूर लिहायला मला सहा महिन्यांसाठी घेतलं, हे तुला माहीत आहेच. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी ही बातमी दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना दिली. (दंतवैद्याला तर तोंड उघडं असतानाच दिली, त्याला ती कितपत कळली देव जाणे.) मला मात्र मनापासून वाटत होतं की राजे आणि लढाया पुष्कळ झाल्या, आता साध्या माणसांचा इतिहास रस्त्यावर यायला हवा. म्हणून पहिलीच पाटी मी जुन्या पुलाची निवडली. छप्पन्न वर्षांपूर्वी पुराच्या संध्याकाळी एकतीस प्रवाशांची बस पुलाच्या अलीकडे थांबली आणि पाच मिनिटांत पूल वाहून गेला. इथपर्यंत सगळ्या गावाचं एकमत आहे. बस थांबवली कोणी, इथे घोडं पेंड खातं.

नियम असा, की प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांच्या सह्या मजकुराखाली हव्यात. हयात माणसं सापडली दोनच: बसचे ड्रायव्हर आणि पुलाजवळच्या जकात नाक्यावरचे कारकून. दोघेही ऐंशीच्या पुढे, समोरासमोर राहतात आणि चाळीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. ड्रायव्हरआजोबा म्हणतात, पाण्याचा आवाज ऐकून मीच ब्रेक दाबला. कारकूनआजोबा म्हणतात, मी कंदील हलवला नसता तर हा गेला असता पुलासकट. मी आपली या दारातून त्या दारात. "त्याला विचार, कंदिलात तेल तरी होतं का?" "त्याला विचार, बसला ब्रेक तरी होते का?" (दोन्ही प्रश्न मी इमानदारीने पोचवले. दोन्हीकडून उत्तर आलं, "त्याला काय करायचंय?") एकाच्या मजकुरावर दुसरा सही करेना, आणि यातच महिना गेला.

शेवटी साहेबांकडे गेले. त्यांनी फाइलमधून मान वर न करता तोडगा काढला, "पाटीला दोन बाजू असतात ना?" मी म्हटलं, पाटीला असतात, खऱ्याला नसतात. ते म्हणाले, "खऱ्याचं टेंडर निघालेलं नाही, बाई. पाटीचं निघालंय." आणि आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस रजेवर होते, तेवढ्यात पाटी उभीसुद्धा राहिली. आता गावातून पुलाकडे गेलं तर ड्रायव्हरने ब्रेक दाबून माणसं वाचवली आहेत, आणि पुलाकडून गावात आलं तर कारकुनाने कंदील दाखवून. (पाटी एक, सह्या दोन, म्हणजे नियमही पाळला.) दोन्हीकडे खाली 'मजकूर' असं लिहून पुढे माझं नाव, ठसठशीत. काल एक शिक्षिका वर्ग घेऊन आल्या होत्या. मुलं खांबाला दोन वळसे घालून विचारत होती, म्हणजे बस दोनदा आली होती का? बाबा मात्र खूश. त्यांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले, दोन्ही बाजूंनी.

आत्या, माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी छापलं गेलं, तेही दोन उलटसुलट गोष्टींखाली. मी साहेबांना म्हटलं, नाव तरी काढा, नाहीतर खरं काय ते तरी लिहा. त्यांचं म्हणणं, या दोघांखेरीज तिसरा साक्षीदार तीस तारखेच्या आत आणा, पेंटर पाटी नव्याने रंगवून देईल. नाहीतर ही पुढची वीस वर्षं हलत नाही. बाकीचे प्रवासी एकतर वारले, नाहीतर कुठे गेले कोणाला ठाऊक नाही. असो. तुला उगाच ताप दिला. तब्येतीला जप.

तुझी,
दोन्ही बाजूंनी तोंडघशी पडलेली भाची

ता. क. पत्र पाकिटात घालताना बाबा सहज म्हणाले, "पण त्या बसमध्ये तर ताई होती." दोन महिने मी घरात डोकं आपटते आहे, आधी का नाही सांगितलं, म्हटलं तर म्हणाले, "तू ऐतिहासिक माणसं शोधत होतीस." म्हणे तू नऊ वर्षांची होतीस, तुला गाडी लागली, तू आकांत मांडलास, म्हणून बस थांबवली, आणि तू रस्त्याकडेला ओकत असताना पूल गेला.

ता. क. २. दोन्ही दारांत पुन्हा जाऊन आले. ड्रायव्हरआजोबा म्हणाले, "होती एक पोरगी. ब्रेक मात्र मीच दाबला." कारकूनआजोबा म्हणाले, "चिखलात तिचा पाय घसरू नये म्हणून तर मी कंदील धरला." त्यानंतर दोघे एकाच रिक्षात बसून साहेबांकडे गेले आणि असलं काही पाटीवर नको, पोरीला लोक हसतील, असं सांगून आले. (चाळीस वर्षांत दोघांचं हे पहिलं एकमत.) मी नवा मजकूर केला आहे: 'पुराच्या संध्याकाळी एका नऊ वर्षांच्या मुलीला गाडी लागल्यामुळे येथे बस थांबली व एकतीस जणांचे प्राण वाचले. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. नाक्यावरच्या कारकुनाने कंदील धरला.' पोरीची हरकत नसेल तर सही करतो, असं दोघेही म्हणतात.

ता. क. ३. साक्षीदाराची सही साहेबांसमोरच व्हावी लागते, म्हणजे तुला इकडे यावं लागेल. इतकी वर्षं तू कधीच आमच्याकडे का आली नाहीस, दर वेळी आम्हीच का तुझ्याकडे येतो, ते मला आज कळलं. अठ्ठावीसला सकाळी मी तुला न्यायला येते. खिडकीची जागा धरीन, आणि तू म्हणशील तिथे, म्हणशील तितक्या वेळा बस थांबवायला लावीन.