सावंतांचे 'चालेल'

मंगळवार, मुलुंड

सर्व्हर विकायला आलेले सावंत आज पुन्हा म्हणाले, "चालेल, साहेब." दहा ड्राफ्ट्समनचे कॅडचे, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचे, काम एका सर्व्हरवरून, व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, आणि त्यात चित्रे झरझर फिरवणारे ग्राफिक्स कार्डच नाही! मी खरेदी पाहणारा बी.कॉम., म्हणून अडाणी? त्यांच्या सर्व्हरवर आमच्याच साच्याचे ड्रॉइंग उघडायला लावले. साचा फिरवताच स्क्रीन थिजली.

ड्राफ्ट्समन स्मिता म्हणाली, "चालेल कसलं, रांगतंय हे!"

सावंत निर्लज्जपणे हसले. 'चालेल' म्हणजे धावेल, की आम्ही चालवून घ्यायचे?

मालकांना हाच स्वस्तातला सर्व्हर हवा आहे. उद्या त्याच्या ऑर्डरवर माझी सही मागतील. पुढे काम रखडले की बोलणी स्मिताने खायची? सही करणार नाही. मालक रागावतील. रागावोत; मी काही कमी रागावलेलो नाही.