खोट नसलेलं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार
उमा म्हणजे घोडा! जपानीत. पार्वतीला कळवायला हवं कुणीतरी.

सुजितच्या पोरीचं बारसं रखडलंय. पोरगी दोन महिन्यांची झाली, अजून नुसतीच ‘बाळ’. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी थाटात उमा सुचवलं. वहिनीबाईंनी, म्हणजे आमच्या रुपालीने, लगेच मोबाइलवर शोधलं. म्हणे, इंग्रजीत लिहिलं की स्पेलिंग तेच होतं, ताई. एप्रिलात कंपनी सुजितला जपानला पाठवतेय, बायको-पोरीसकट, तीन वर्षं. तिथे वर्गात मुलं हिला घोडा म्हणून चिडवतील.

वर्गात! तिला अजून मान धरता येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
रावेतला गेले, सुजितच्या फ्लॅटवर. तारा म्हटलं — तारा म्हणजे मासा. सई म्हटलं — इंग्रजीत लिहिली की तिचा गेंडा होतो! प्राणिसंग्रहालय पूर्ण होत आलंय. घरी येऊन आईला सांगितलं. आई चाकणजवळच्या गावातली, ती काय ऐकून घेते! “गेंडा? माझ्या नातीला कोन म्हनतंय गेंडा? त्यांस्नी दुसरं काम न्हाई व्हय?”

१२ फेब्रुवारी
हरिणी. सुरुवातीलाच हरी, आणि हरी म्हणजे सुई. नामंजूर! इंडोनेशियात म्हणे हरी म्हणजे दिवस, आपल्याकडे तर देवच. या भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, नुसतं लिहिणं सारखं. मी कंपनीत क्वालिटीत आहे, दिवसभर माल नापास करते. पण रुपालीपुढे मी म्हणजे दयेचा सागर.

१६ फेब्रुवारी, रविवार
सुजित वैतागलाय. “ताई, तुझ्याच्याने होत नसेल तर मी अ‍ॅपवरून काढतो नाव.” अ‍ॅपवरून! लहानपणी याला कडेवर घेऊन फिरले त्याचं हे फळ.

आज बाळाने माझं बोट धरलं ते सोडेचना. खरं सांगायचं तर ही जाऊच नये असं वाटतं. तीन वर्षांनी परत येईल ती मला ओळखणारसुद्धा नाही. पण बोलणार कोण? सुजितची बढती आहे. आई पेढे वाटून मोकळी झाली. आणि रुपालीबाईंना तर जपानीची एवढी काळजी, जणू माहेरच तिथलं.

निदान नाव तरी माझं असू दे तिच्यासोबत.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सापडलं! जेवणाच्या सुट्टीत कंपनीतल्या जपानी दुभाषी बाईंना गाठलं. त्यांचा डबा निवला, पण काम झालं. ईशा! जपानीत डॉक्टर. आता काढा म्हणावं खोट.

२ मार्च, रविवार
बारसं झालं. मी पाळण्यात वाकले, कानात ईशा म्हटलं, आणि पाठीत धपाटे बसले. सगळ्या बायकांनी वर्षभराचा राग काढला माझ्या पाठीवर. सर्वांसमोर अर्थही सांगितला मी — घोडा नाही, गेंडा नाही, डॉक्टर! सगळे खूश. सुजितने तर मला मिठीच मारली.

रुपालीचा चेहरा मात्र उतरला. मोबाइल काढला, नुसता हातात धरून बसली. काय शोधणार? हरली बिचारी! साडी मात्र चांगली दिली तिने.

५ मार्च
सुजित पळतोय नुसता. महापालिकेत जाऊन जन्मदाखल्यावर नाव चढवलं, लगेच तत्काळमध्ये पासपोर्टचा अर्ज. म्हणाला, नावाच्या रकान्यापायी सगळंच अडलं होतं, ताई, तू सोडवलंस. बघा, आत्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

१९ मार्च, बुधवार
ईशाचा पासपोर्ट आला.

संध्याकाळी रुपाली आकुर्डीला आमच्याकडे आली, एकटीच, पोरीला घेऊन. आई देवळात गेली होती. रुपालीने ईशाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिचं टोपडं सारखं करत राहिली. मग म्हणाली, “नाव नसतं तर पासपोर्ट निघाला नसता, ताई. मला जायचं नव्हतं. त्यांना नाही म्हणवेना, म्हणून नावांना नाही म्हणत राहिले. वाटलं, एवढ्या नावांनंतर तुम्हाला तरी कळेल.”

नाही कळलं मला. मी जिंकत होते.