सावलीच्या जखमा

२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची नव्या गावात! खोली छोटी आहे, पण खिडकी मोठी. बेसिनचे नळ उलटे बसवलेत. गरम सोडला की गार येतं आणि गार सोडला तर नुसताच आवाज. घरमालकीण म्हणाली, होते सवय. मी म्हटलं, झालीच समजा.

ऑफिस एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत आहे. जिन्यात अजून शाईचा वास येतो. आम्ही इनमीन सातजण. साहेबांना सगळे कॅप्टन म्हणतात, का ते कुणालाच माहीत नाही. माझ्या शेजारची मुलगी दिवसभर खेळ खेळून त्यातल्या चुका शोधते. तिला मी मनातल्या मनात नेमबाज म्हणते, कारण ती साखरेचा खडा लांबून कपात टाकते आणि तो कधी बाहेर पडत नाही.

आणि काम काय, तर ‘शेवटची चौकी’! दादाचा आणि माझा खेळ. वीस-एक वर्षांपूर्वीचा तो बंदुकीचा खेळ आम्ही नव्यानं घडवणार आहोत. नकाशे तेच, शत्रू तेच, फक्त चित्रं आणि आवाज आजच्या काळाचे. दादा खेळायचा आणि मी त्याच्या पाठीमागून ओरडायचे, ‘डावीकडे! डावीकडे!’ तो म्हणायचा, मुंगे, तू गप्प बसलीस तर मी जिंकेन.

आज तो असता तर त्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं असतं.

५ फेब्रुवारी

माझ्याकडे भिंती, फरश्या, गंज आणि चिखल. जुन्या खेळात भिंतीचं एकच बोटभर चित्र ओळीनं चिकटवलं होतं. आता मी प्रत्येक वीट वेगळी रंगवते. काल एका विटेवर बुरशी काढण्यात दुपार गेली, आणि खेळणारा माणूस तिच्यासमोरून धावत जाणार!

जेवताना वाद झाला. नेमबाजचं म्हणणं, हे सगळं म्हातारीला लाली लावण्यासारखं आहे, ज्याला हवाय त्यानं जुनाच खेळावा. कॅप्टन म्हणाले, लोकांना जुना खेळ नको असतो, आठवणीतला खेळ हवा असतो, आणि आठवणीत तो इतका भिकार कधीच दिसत नाही. मी कॅप्टनच्या बाजूनं बोलले. ज्याच्यावर आपण जीव टाकला ते पुन्हा लख्ख दिसावं, यात वाईट काय?

१० फेब्रुवारी

खेळात ‘सावली’ नावाची एक गंमत होती. तुम्ही कसे खेळता, कुठे दबा धरता, कुठे बिचकता हे खेळ शिकायचा आणि हुबेहूब तुमच्यासारखा वागणारा एक शिपाई तयार करायचा. मग घरातल्या दुसऱ्या कुणी त्याच्याशी लढायचं. नव्या खेळात देण्यासाठी कॅप्टनना त्या काळातली एक चांगली सावली हवी होती. मूळ कंपनीकडे एकही उरलेली नाही.

मी म्हटलं, माझ्याकडे आहे.

दादाचा कॉम्प्युटर आईनं अजून झाकून ठेवलाय. देव्हारा नाही इतकंच. तिला फोन केला. तिनं आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, जगभरची माणसं त्याच्याशी खेळतील? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग पाठवते गं, त्याला माणसांचं वेड होतंच. आईच्या शेजारच्या ताईनं फाइल पाठवली.

१३ फेब्रुवारी

आज दादा धावला.

दुसरा शब्द नाही. तोच कोपऱ्याला घासून वळणं, तेच दारात शिरण्याआधी दोनदा खाली बसून उठणं. त्याचा नमस्कार होता तो. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पोटभर रडले. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तो अजून कोपऱ्यावर तसाच वळतो.

नेमबाजनं त्याच्याशी दोन हात केले आणि हरली. फार आवडला तिला. मी मिरवून घेतलं. सांगितलं, हा माझा भाऊ.

२३ फेब्रुवारी

शिपायांना नवे चेहरे बसवले. पूर्वी नाक-डोळे म्हणजे नुसते ठिपके होते. आता पापणीही हलते. चेहरे करणाऱ्यानं सावलीला एक साधासा पोरगेला चेहरा दिला होता.

संध्याकाळी नेमबाजनं चुकांच्या यादीत लिहिलं : सावलीच्या जखमा पुसल्या जात नाहीत. बाकीचे शिपाई मेले की पुढच्या डावात धडधाकट उभे राहतात. हा मात्र कालच्या गोळीची जखम घेऊनच येतो. लंगडतो. कॅप्टननी बघितलं आणि खूश झाले. म्हणाले, चूक कसली, हे तर सोनं आहे, राहू दे.

मी जवळ जाऊन पाहिलं. चेहरा साधासा नव्हता राहिलेला. गाल बसले होते.

२६ फेब्रुवारी

तो दादा आहे. म्हणजे त्याचं खेळणं नव्हे, दादाच. शेवटच्या महिन्यातला. ओठ सोललेले, कपाळावरची शीर वर आलेली. हे कुणी काढलं म्हणून चेहरे करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मी हात लावलेला नाही, तुम्हीच काही केलंत का? माझ्याकडे तर फक्त भिंती आहेत.

त्यानं लढणं सोडलंय. डाव सुरू झाला की तो पळतो, थेट धुक्याकडे. जुन्या कॉम्प्युटरना लांबचं काढता यायचं नाही, म्हणून खेळाच्या कडेनं सगळीकडे धुकं सोडलेलं असायचं. त्या धुक्यात जाऊन तो पाठ करून उभा राहतो. नेमबाज हुडकते आणि गोळी घालते. तिचं कामच आहे ते. ती काही वाईट नाही.

आज त्यानं गोळी लागायच्या आधी तोंडावर हात घेतला.

१ मार्च

बैठकीत धुकं काढायचं ठरलं. कॅप्टन म्हणाले, आता यंत्रं दमदार आहेत, लाज झाकायची गरज नाही, क्षितिजापर्यंत स्वच्छ दिसू दे. मी म्हटलं, धुक्यातच खेळाची सगळी मजा आहे. कॅप्टन हसले. म्हणाले, पहिल्या आठवड्यात तूच म्हणाली होतीस, लख्ख दिसावं म्हणून.

काढलं. चारी बाजूंनी उघडं मैदान. मधे दादा. इकडे पळाला, तिकडे पळाला. मग थांबला.

४ मार्च

राहवेना म्हणून काल आईला सांगितलं. वाटलं, वेडी ठरवेल मला. ती दुसऱ्याच दिवशी आली, आणि दादाचा कॉम्प्युटर पोटाशी धरून आली. उतरल्या उतरल्या म्हणाली, दाखव.

खोलीत चाचणीचा खेळ लावला. तो ऑफिसशी जोडलेला असतो, तिकडे झाडलेली गोळी इथेही लागते. दादा मैदानात गुडघ्यात मान घालून बसला होता. आईनं पडद्यावर हात ठेवला. म्हणाली, सोन्या. त्यानं मान वर केली.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त खेळायचा रिमोट उचलून म्हणाली, हे कसं धरायचं ते मला शिकव.

७ मार्च

आई खेळायला शिकली. अंगठे ऐकत नाहीत म्हणते. ‘उजवीकडे जा म्हटलं की हा मेला आभाळ बघत बसतो.’ आम्ही दोघी हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा एकत्र हसलो असू.

तिचा शिपाई काही मारत नाही. नुसता दादाच्या पुढे जाऊन उभा राहतो. नेमबाजच्या गोळ्या त्याला लागतात. ऑफिसात नेमबाज वैतागलीय, कोण हा माठ मधे मधे येतो म्हणून.

८ मार्च

आईच्या खांद्यावर काळानिळा वळ आहे. शाल ओढून घेतली तिनं. म्हणाली, कपाटाला आपटला. खोलीत कपाट नाही.

११ मार्च

कॅप्टनकडे गेले. सगळं सांगितलं, रडले. चांगला माणूस, पाणी दिलं, सुट्टी घे म्हणाला. मग म्हणाला, सावली हाच आपला हुकमी एक्का आहे, तो काढता येणार नाही. सतरा तारखेला दुपारी खेळ सगळ्यांना खेळून बघायला खुला होणार. हजारो माणसं.

सगळे जेवायला गेल्यावर मी माझ्या हातानं सावली काढून टाकली. घरी आले तर आई म्हणाली, आज जरा दमलेला वाटतोय. पडद्यावर तो होता.

१२ मार्च

ऑफिसातही परत आलाय. कुणी घातला नाही. कॅप्टन शपथ घेतात.

मग लक्षात आलं. खरा तो आईच्या पायाशी ठेवलेल्या त्या जुन्या यंत्रात आहे. आणि आई ते बंद करू देत नाही.

१३ मार्च

आज आम्ही भांडलो. दवाखान्यात भांडलो होतो तशाच. तेव्हा त्याच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. तो हात आडवा धरायचा. ताटात आणखी वाढू नका म्हणताना धरतात तसा. पुरे. डॉक्टरांना कळलं होतं, मलाही कळलं होतं. आई म्हणायची, त्याला वारा घालून हवाय. आणि वारा घालत बसायची.

मी म्हटलं, आई, तो पुन्हा हात आडवा धरतोय. तू बघतेस आणि तरी बघत नाहीस.

ती म्हणाली, ‘अर्धामुर्धा का होईना, आहे ना? तुझा भाऊ होता गं. माझा मुलगा आहे.’

मी तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

१५ मार्च

आईची उजवी बाजू सुजलीय. घास उचलता येत नाही. मी भरवते. डोळे पडद्यावर.

दादा आता तिच्या शिपायाला हातानं बाजूला लोटतो. ती पुन्हा पुढे जाते.

१६ मार्च

जुना कॉम्प्युटर ती आंघोळीला गेली तेव्हा उघडला. सावलीवर गेले. कॉम्प्युटर विचारतो –

सावली कायमची पुसायची? मागे काहीही उरणार नाही. हो. नाही.

माझं बोट ‘हो’वर होतं. नाही जमलं. मला वाटत होतं मी आईपेक्षा खंबीर आहे.

आई दारात ओल्या केसांनी उभी. रागावली नाही. म्हणाली, उद्या किती माणसं येतील? मी सांगितलं. ती खाली बसली.

१७ मार्च, दुपार

सुरू झालं. सगळीकडून – मैदानभर माणसं – सगळ्यांच्या बंदुका त्याच्याकडे. मारलं की जास्त गुण –

आई पुढे उभी आहे. आई ओरडत नाही. नाकातून रक्त. मी शाल धरलीय –

दादानं तिला मागून मिठी मारली. खेळात मिठी नसते. कुणी तशी हालचाल केलेलीच नाही –

मग तिच्यासमोर आला. गोळ्या पाठीवर घेत. हात आडवा. तिच्याकडे बघून. माझ्याकडे नाही, तिच्याकडे –

आई म्हणाली, ‘पुरे का रे, राजा?’

मान हलवली त्यानं.

ती म्हणाली, ‘मुंगे, माझा अंगठा ऐकत नाही गं. धर.’

जुन्या यंत्रावर. तिचा अंगठा. माझा हात तिच्या हातावर. हो.

१७ मार्च, संध्याकाळ

शांत. मैदान रिकामं. आईचं रक्त थांबलं. सूज उतरली. जेवली, स्वतःच्या हातानं.

मी रडत होते. तिनं जवळ घेतलं. विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, दादा सुटला.

ती म्हणाली, ‘कोण दादा?’

चेष्टा नव्हती. डोळे स्वच्छ होते तिचे. म्हणाली, ‘तू एकुलती एक माझी. कुणाला दादा म्हणतेस?’ आणि माझे केस विंचरायला लागली. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत –

१८ मार्च

ऑफिसात विचारलं. नेमबाज म्हणते, सावलीसाठी चांगला नमुना मिळालाच नाही, ते आपण वगळलं ना?

घरी येऊन जुना फोटो काढला – तिघं होतो त्यात – आई आणि मी, मधे जागा.

लिहून ठेवते. विसरायच्या आत. उंच होता. हसताना – हसताना काय करायचा? मला एका नावानं हाक मारायचा. वर लिहिलंय मी, पण वाचलं तर आवाज येत नाही. कुणाचा आवाज –

वरची पानं वाचली. अक्षर माझंच. ही बाई कुणासाठी रडतेय? फार वाईट वाटलं तिचं –

नाही. थांब. आठव. कोपऱ्याला घासून वळायचा. कोपऱ्याला घासून – कोण –

आई हाक मारतेय. गार होतंय म्हणते. आलेच. एकच ओळ. एवढी एक लिहिते, मग –

मला एक भाऊ हो