एका मिनिटाचा दिवा

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तुझा गुडघा आता कुरकुरत नाही, भावोजींची बढती झाली, हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. सासूबाई जरा पडून असतात, बाकी विशेष काही नाही.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाकडे वळते. तो वाचल्यापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि दोन दिवस थंड पाणी पिऊनही ती काही खाली उतरायला तयार नाही.

तू लिहितेस की तुझ्या ‘घर पाहावं राखून’ या सदरातर्फे झालेल्या स्पर्धेत ‘आदर्श बचतीचं घर’ म्हणून आमचं घर पहिलं आलं. यांनी मला न सांगता अर्ज पाठवला होता. संपादकांच्या आणि लेखकांच्या नातेवाइकांनी भाग घेऊ नये असं तूच छापलं होतंस ना? पण नाही, तू म्हणे ‘गुणवत्तेवर’ निवड केलीस! आणि वर मला सूचना: रविवारी फोटोवाल्याला घेऊन येते, छानसे कपडे घाल आणि पॅसेजमधल्या त्या हुशार दिव्याखाली हसत उभी राहा.

ताई, येऊ नकोस. म्हणजे तू ये, हवी तेव्हा ये, हे घर तुला परकं नाही. पण फोटोवाल्याला आणू नकोस आणि बक्षीस तर मुळीच आणू नकोस.

तुला कल्पना नाही इथे काय चाललंय. दर रविवारी सकाळी चहाच्या वेळी हे तुझं सदर मोठ्याने वाचतात. मी आणि सासूबाई श्रोत्या. वाचून झालं की लगेच अंमलबजावणी. साबणाच्या चिपट्या एकत्र दाबून नवी वडी करा, असं तू लिहिलंस. आता आमच्या बाथरूममध्ये एक तिरंगी गोळा असतो, धड साबणही नाही आणि धड दगडही नाही. फ्लशच्या टाकीत भरलेली बाटली ठेवा म्हणालीस. ठेवली. आता एकदा ओढून भागत नाही, दोनदा ओढावं लागतं, पण ते दुसऱ्यांदाचं पाणी यांच्या हिशेबात येत नाही. फ्रीज उघडण्याआधी काय हवं ते ठरवा म्हणालीस, तर फ्रीजच्या दारावर पाटी लागली: ‘ठरलं का?’ पन्नाशीला आलेल्या बाईला तिच्याच फ्रीजने हा प्रश्न विचारावा? मी परवा मुद्दाम न ठरवता उघडला आणि दार सताड ठेवून पाच मिनिटं आत बघत उभी राहिले. काही घेतलं नाही. नुसती गार हवा खाल्ली.

खोटं कशाला बोलू, काही गोष्टी चांगल्याही आहेत. भाजी धुतलेलं पाणी मी झाडांना घालते, झाडं खूश आहेत. वर्तमानपत्राने खिडकीच्या काचा झकास निघतात. मी तुझ्याच सदराचं पान वापरते, तेवढंच समाधान.

पण आम्हाला काही अडलंय का, सांग बरं. यांचा विम्याच्या ऑफिसातला पगार चांगला आहे, डोक्यावर कर्ज नाही, मुलगी नोकरीला लागून तिच्या गावी सुखात आहे. तरी विजेचं बिल आलं की हे ते पाहुण्यांपुढे असं धरतात जसं काही नातवंडाचं प्रगतिपुस्तक. पाहुणेही बिचारे ‘वा वा’ म्हणतात आणि पंखा लावायला सांगायचं टाळतात.

आणि तू? मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा भर दुपारी तुझ्या गॅलरीतला दिवा ढणढण चालू होता. मी म्हटलं, ताई, अगं दिवा. तर तू म्हणालीस, राहू दे गं, बंद करायला कोण उठणार! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

तर रविवार नको. घरात पसारा आहे. पॅसेजमध्ये वॉकर ठेवलेला असतो, तो फोटोत चांगला दिसायचा नाही.

जाऊ दे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सासूबाई ‘जरा पडून असतात’ असं मी वर लिहिलं. त्या पडल्या, ताई. भर दुपारी, बाथरूमला जाताना, पॅसेजमध्ये. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता घरी आणलंय. त्या पडल्या तेव्हा तुझा हुशार दिवा विझलेला होता.

तुझी,
बारकी


गुरुवार, १ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार करायची आज इच्छा नाही. पण पत्राला नमस्काराशिवाय सुरुवात केली तर आपली आई रागवायची, म्हणून तिच्यासाठी नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘अगं बाई, कळवलं का नाहीस, काळजी घे, हाडांसाठी दूध दे’ वगैरे सगळं वाचलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, खरं सांगते. वाटलं, चला, ताईला समजलं.

मग रविवार आला, आणि तुझं सदर आलं.

‘एका वाचक भगिनीच्या घरी नुकताच एक दुःखद प्रसंग घडला. पण त्यासाठी दिवे जाळत ठेवण्याची गरज नाही. घरातील ज्येष्ठांच्या हाती एक छोटी बॅटरी द्या. सुरक्षितता आणि बचत, दोन्ही साधेल.’

मी वाचक भगिनी? एका आईच्या पोटच्या आपण दोघी, एका पांघरुणात झोपलो, आणि माझ्या घरातल्या म्हातारीच्या मोडक्या हाडाची तू चार ओळींची सूचना केलीस! त्या चार ओळी लिहिताना तुझा हात अडखळला नाही?

यांनी ते सासूबाईंच्या पलंगाशी बसून वाचलं. दुपारपर्यंत बॅटरी हजर. ‘बघ आई, ताईंनी किती सोपा उपाय सांगितलाय,’ म्हणत त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. ‘छान आहे हो,’ म्हणाल्या. संध्याकाळी बाथरूमला जायला उठल्या, वॉकर धरायला हात पुढे केले, आणि हातातल्या बॅटरीकडे नुसत्या बघत राहिल्या.

वॉकरला दोन्ही हात लागतात, ताई. बॅटरी काय दातात धरायची?

हे म्हणाले, ‘दोरीने गळ्यात अडकवू.’ त्या क्षणी माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी इथे लिहीत नाही. तू छापशील.

आता सगळं सांगते. आमचा पॅसेज तू पाहिलायस. एकही खिडकी नाही, बाहेर कडक ऊन असलं तरी आत मिट्ट काळोख. एका टोकाला सासूबाईंची खोली, दुसऱ्या टोकाला बाथरूम. आपोआप विझणाऱ्या दिव्यांवरचा तुझा तो लेख वाचून यांनी तिथे टायमर बसवला. खोलीच्या दाराशी बटण दाबायचं, दिवा लागतो, एका मिनिटाने आपोआप जातो. मिनिट कसं ठरवलं माहीत आहे? हे स्वतः खोलीपासून बाथरूमपर्यंत झपाझप चालून गेले, परत आले, आणि म्हणाले, ‘एक मिनिट म्हणजे डोक्यावरून पाणी!’

सासूबाईंची चाल तुला ठाऊक आहे. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत. त्या अर्ध्यावर असतानाच दिवा जायचा. पुन्हा लावायचा तर बटण मागे, बाथरूमचं दार पुढे, आणि मधे त्या उभ्या. मला यातलं काही दिसलं नाही, कारण मी त्या वेळी स्वयंपाकघरात असायचे आणि त्यांनी कधी हाक मारली नाही. त्या दिवशी बटणाकडे परत जायला वळल्या आणि तोल गेला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी पाणी पितात की नाही? अंगात पाणीच नाहीये.’ सासूबाई म्हणाल्या, ‘तहान लागत नाही हो.’ घरी आल्यावर मी एकटी आहे असं बघून मला म्हणाल्या, ‘दुपारनंतर प्यायलं की जावं लागतं गं. वाटेत दिवा जातो. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं.’

मी म्हटलं, ‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू त्याला बोलली असतीस. घरात कशाला वाद?’

आणि सगळ्यांना, डॉक्टरांना, शेजारणीला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या: माझाच पाय घसरला.

तू दर आठवड्याला लिहितेस, ‘ही काटकसर मला माझ्या आईने शिकवली.’ खोटं! साफ खोटं! आपली आई काटकसर करायची ती स्वतःच्या जिवावर. आपल्या कपात दूध, तिच्या कपात कोरा चहा. नवं पांघरूण आपल्याला, विरलेलं तिला. दुसऱ्याचा घोट तोडून तिने कधी बचत केली नाही. ती असती तर तुझं सदर वाचून तिने तुझा कान धरला असता, आणि माझाही.

माझा का, तर तेही सांगून टाकते. गेले कितीक दिवस मी तुझ्यावर चिडते आहे. भांडी घासताना मनातल्या मनात तुझ्याशी भांडते. पण टायमर तू बसवला नाहीस. तू लांबून शेळ्या हाकत होतीस, उंट आमच्या घरात होता. तुझ्यावर रागावणं मला सोपं पडतं, कारण तुझ्यासमोर बसून मला रोज जेवायचं नसतं. यांना मी फ्रीजच्या पाटीवरून टोमणे मारले, साबणावरून हसले, पण ‘हे चुकीचं आहे, बंद करा’ असं सरळ वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. घरात कशाला वाद? सासूबाईंचंच वाक्य. दोघी बायका एकाच घरात एकमेकींपासून लपून तेच वाक्य म्हणत होतो.

म्हणून तू सुटलीस असं मात्र समजू नकोस.

परवा सकाळी मी सासूबाईंना विचारलं, ‘वायरमनला बोलावू? टायमर काढून साधं बटण बसवू, आणि दुसरं तुमच्या उशाशी?’

‘त्याला आवडायचं नाही.’

‘त्यांना नाही विचारत. तुम्हाला विचारतेय. घर तुमच्या नावावर आहे.’

हो ताई, हे घर सासऱ्यांनी घेतलं तेव्हाच सासूबाईंच्या नावावर केलं होतं. तुझ्या सदराच्या माथ्यावर ‘घरमालकांसाठी’ असं छापतेस ना? ही इथली घरमालकीण. स्वतःच्या घरात तहानलेली बसायची.

त्यांनी वॉकर जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, ‘बोलाव.’

वायरमन आला, तासाभरात काम करून गेला. संध्याकाळी हे ऑफिसातून आले. पॅसेजमध्ये दिवा चालू, माणूस कुणी नाही. ‘हे कोणाला विचारून केलंस?’

‘घरमालकिणीला.’

‘ताईंनी किती वेळा लिहिलंय की...’

‘ताई या घरात राहत नाही,’ मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की शेजारच्या बाईंचा टीव्ही बंद झाला. चांगलंच झालं, ऐकू दे.

हे तणतणत सासूबाईंच्या खोलीत गेले. मी दारात उभी. ‘आई, तू सांगितलंस हिला?’

‘हो.’

‘अगं मग मला सांगायचं! टायमर काढायची काय गरज होती? मी वेळ वाढवून दिली असती.’

सासूबाई यांच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, आपण एखाद्या पोराचं उत्तर ऐकायला थांबतो तशा. म्हणाल्या, ‘किती वाढवली असतीस?’

हे सांगणार काय? आई खोलीपासून बाथरूमपर्यंत कशी जाते, किती वेळात जाते, कुठे टेकते, हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. एका घरात जन्मभर राहून माहीत नव्हतं. गेल्या महिन्याचं बिल मात्र पाठ.

त्या रात्री हे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आजही बोलले नाहीत. नको बोलू देत. दिवा चालू आहे. सासूबाई आत्ताच माझ्याकडून पाणी मागून घेऊन प्यायल्या, आणि पुन्हा मागितलं.

बक्षीस दुसऱ्या कोणाला देऊन टाक. आणि रविवारी ये. फोटोवाला नको, वही-पेन नको. सासूबाई बाथरूमला निघाल्या की त्यांच्या शेजारून चाल. त्यांच्या पुढे जाऊ नकोस. हात देऊ नकोस, त्या मागतील तेव्हा दे. नुसती त्यांच्या पावलाने चाल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोचलीस की मग तुला काय छापायचं ते छाप.

अजून रागावलेली,
बारकी