मधली पेटी

कोलशेत, ठाणे
दि. २२ फेब्रुवारी २०२५

सौ. विमल हिला,

काळुराम भावजीचा आशीर्वाद. पंढरीरावांना नमस्कार सांग.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. निळज्याला पाणी येतंय का नीट? पंढरीरावांचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं जिने चढू नका, गुडघा गेला की माणूस गेला. माझी शाळा सातवीत सुटली हे तुला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. चष्मा लाव आणि तूच वाच. शिवानीला वाचायला लावू नकोस. गुणाची नात आहे तुझी, पण ही पोरं पुढचं आधी वाचतात, मग गप्प होतात आणि आपल्या तोंडाकडे बघत बसतात.

फोनवर सांगितलं असतं. तू माझा फोन उचलत नाहीस, धनेशचाही नाही. राग आहे तो राग आहे. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी चांगली बातमी लिहितो.

धनेशनं घरात होम थेटर बसवलं. जमिनीच्या बदल्यात मिळालेले दोन फ्लॅट त्यानं एक केले ना, त्यातली आतली खोली. तू यायचीस तेव्हा तू आणि तुळसा, दोघी बहिणी, जिथे पाय पसरून मिश्री लावत बसायचात, तीच. आता ओळखायची नाहीस. खिडकी बुजवली. भिंतींना गाद्यांसारखं जाड काहीतरी ठोकलं. आत टाळी वाजवली तर टाळी जिथल्या तिथे मरते. मी धनेशला म्हटलं, "अरे, हवा कुठून येणार? आग लागली तर ओरडलेलं कुणाला ऐकू जाईल?" तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आधी आग लावता आणि मग विझवायला पाणी शोधता." बरोबर आहे त्याचं. माझा स्वभावच तसा. पण हवेचं काय ते त्यानं सांगितलंच नाही.

तुळसाचा घसा जरा धरला आहे. तेही पुढे लिहितो.

सामान घ्यायला मी त्याच्याबरोबर वर्तकनगरच्या दुकानात गेलेलो. तो नको म्हणत होता, मी गाडीत जाऊन बसलो. दुकानदार सलिल म्हणून आहे, बोलायला गोड. त्यानं आम्हाला अंधाऱ्या खोलीत कोचावर बसवलं आणि मशीन चालू केलं. विमल, माझ्या पाठीमागे पाऊस पडायला लागला. खरंच सांगतो, मी मागे वळून बघितलं. मग एक हेलिकॉप्टर डाव्या कानावरून उजव्या कानावर गेलं. मी मान खाली घातली तर धनेश हसला. किती दिवसांनी हसला ते मला माहीत आहे, म्हणून मी आणखी एकदा घातली.

मग सलिलनं एकेक समजावून सांगितलं. खाली ठेवायची मोठी पेटी, ती धडधड करते. बाजूच्या दोन, मागच्या दोन, त्यांतून गाणंबजावणं, गाड्या, पाऊस. आणि पडद्याच्या बरोबर खाली आडवी असते ती मधली. "काका, माणसाचं बोलणं हिच्यातून येतं," म्हणाला. "बाकी किती पण आवाज असू दे, बोलणं मधलीतून वेगळं ऐकू येतं. हिचा आवाज वाढवला की झालं." वर हसून म्हणाला, "खरं तर लोकांना घरात बायकोचं बोलणं कमी करायचं असतं. तसं बटण अजून निघालं नाही."

धनेश हसला नाही. मीही नाही. बिचारा सलिल, त्याला काय माहीत.

पण माझ्या डोक्यात ते जे बसलं ते बसलं. माणसाचं बोलणं वेगळं, बाकीचा गोंधळ वेगळा. मी धनेशला म्हटलं, "मधली मोठी घे." त्याला खालची धडधडणारी मोठी हवी होती. दुकानातच आमची जुंपली.

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. मधली मोठी घे."

"क्रिकेट बघायला मधली मोठी कशाला लागते?"

"माझं ऐक रे एकदा. पुन्हा काही मागणार नाही."

सलिल इकडे तिकडे बघायला लागला. शेवटी धनेशनं दुकानातली सगळ्यांत मोठी मधली घेतली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकायला कमी येतंय. वाटू दे म्हटलं.

आता तुला सांगतो माझ्या मनात काय होतं. तुमच्या साईनाथच्या हळदीची कॅसेट माझ्याकडे आहे. तुमचा तो लाडका धाकटा भाऊ, त्याच्या हळदीला मी टेपरेकॉर्डर घेऊन भोपरला आलेलो आठवतंय? जात्यापाशी तुम्ही दोघी बहिणी लग्नाचा धवला गायला बसलेलात. तुळसा ओळ टाकायची, तू झेलायचीस. ती पुढची टाकायची, तू ती झेलायचीस. आणि बाहेर अंगणात बँडवाले मेले असे वाजवत होते की मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या कॅसेटवर तुळसा आहे, पण बँडच्या खाली गाडली गेली आहे. मी आजवर तिच्यासाठी कधी धडपड केली नाही, कारण गाणारी घरातच होती.

मला वाटलं, ही मधली पेटी तिला वर काढील.

विमल, तुळसाचा घसा धरलेला नाही. मी वर खोटं लिहिलं. गणपतीच्या आधी तिचं ऑपरेशन झालं. घशात गाठ होती. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं आणि म्हणाले, "आजोबा, आवाजाची पेटी काढावी लागेल." तेव्हा मी हो म्हटलं. पेटी म्हणजे काय ते मला नीट कळलं नव्हतं. वाटलं, खराब भाग काढतील, बाकीचा राहील, आवाज थोडा बसेल. शुद्धीवर आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. हवासुद्धा नाही. हवा आता गळ्याला पाडलेल्या भोकातून जाते-येते. धनेशनं गळ्याला लावून बोलायचं एक मशीन आणलेलं. तिनं एकदा लावलं, त्यातून टोलनाक्यावरच्या भोंग्यासारखं काही निघालं, तिनं ते उशीखाली घातलं आणि पुन्हा हात लावला नाही. लिहिता तिला येत नाही. तुझ्याएवढी तरी शाळा तिला मिळाली असती तर.

आता दिवाळीचं. तू फोन केलास. धनेशच्या लग्नानंतर पहिल्यांदा, आपण होऊन. आम्ही कुणी घरात नव्हतो, मी खाली औषध आणायला गेलेलो. तिनं फोनवर तुझा फोटो बघितला आणि उचलला. कशाला उचलला असं मी तिला किती वेळा विचारलं. पण बहिणीचा फोन आहे, वाजतोय, कोण नुसता वाजू देईल? मी दार उघडून आलो तर ती फोन कानाला धरून उभी, आणि तुझा आवाज मला दारापर्यंत येत होता.

"बाय, बोल ना. आजून रागान हाय का तू? मीच फोन केला ना? बाय?" आणि मग, "बोलाचं नाय तं नको बोलू. मी पण मेले तुला."

तू ठेवून दिलास. मी लगेच लावला, पुन्हा पुन्हा लावला. तू उचलला नाहीस.

ती तुझ्यावर रुसली नव्हती, विमल. ती बोलत होती. ओठ हलत होते तिचे, मी बघितले. "इमल, इमल" म्हणत होती.

तुला आधी का कळवलं नाही असं तू विचारशील. ऑपरेशनला नेताना तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. "इमलला सांगू नका. तिच्या जिवाला लागंल." तिला ते तुझं बोलणं आठवत होतं. धनेशच्या हळदीला पोरांनी डीजे लावला आणि तुमचा धवला मधेच तुटला, तेव्हा तू उठताना म्हणालीस, "धवला अर्ध्यावर सोडलात, गळे बसतील तुमचे." भरल्या मांडवात म्हणालीस आणि गेलीस. तुला वाटेल आपल्या जिभेनं बहिणीचा गळा नेला, हीच तिला भीती. म्हणून मी गप्प राहिलो. आणि आज मीच लिहितो आहे. हे लिहू की नको, यात चार कागद फाडले. पण डॉक्टर म्हणाले आहेत, हे मिश्रीनं झालं. तुझ्या बोलण्यानं नाही. हे दोनदा वाच. आणि तू मिश्री सोड. आज सोड. डबी मोरीत उपडी कर.

तर ती कॅसेट. सलिलनं ती मशीनवर चढवून दिली. देताना म्हणाला, "काका, यात सगळं एकातच भरलेलं आहे. दुधात पाणी पडलं की वेगळं काढता येत नाही." मला वाटलं, स्वतःच्या मालावर याचाच भरवसा नाही. मी ऐकलं नाही.

खोली झाल्यावर तुळसाची खाट आतच टाकली. थंड असतं म्हणून. धनेशच म्हणाला, "आईला इथे बरं वाटेल." त्यानं अजून एकही मॅच बघितलेली नाही तिथे. मी त्याला म्हटलं, आधी कॅसेट लाव. तो म्हणाला, कुठली? मी सांगितली. तेव्हा त्याला कळलं मधली मोठी कशाला हवी होती ते. रिमोट घेऊन खाली बसला.

लागली. विमल, चहूबाजूंनी बँड. मागून बँड, पुढून बँड, आणि मधल्या पेटीतूनसुद्धा बँडच. मी ओरडलो, "मधली वाढव." त्यानं वाढवली, बँड वाढला. "बाजूच्या बंद कर." केल्या. मग एकट्या मधल्या पेटीतून बँड, पोरांचा कालवा, कुणीतरी हंडा आपटला तो. तुळसा कुठेच नाही. मी मशीनला शिव्या घातल्या, सलिलला घातल्या, त्याची काही चूक नसताना.

आणि मग बँड जरा थांबला असेल, एक आवाज स्वच्छ आला. तुझा. तू टेपरेकॉर्डरच्या जवळ बसलेलीस ना, आणि ती पलीकडे, जात्याच्या आड. तू ओळ झेललीस, ती अशी की खोलीत बसून झेलतेस. पुन्हा बँड. पुन्हा तुझं झेलणं. तिचं टाकणं नाही, नुसतं तुझं झेलणं.

मी तुळसाकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते. तुझी ओळ संपली की ती तोंड उघडायची. ओठ हलायचे, मान उचलायची तिची, अगदी जात्यापाशी उचलायची तशी. आवाज नाही. ओठ मिटले की पेटीतून तू झेलायचीस. ती टाकायची, तू झेलायचीस. एकदासुद्धा चुकली नाही. धनेश उठून बाहेर गेला.

कॅसेट संपल्यावर तिनं डोळे उघडले. पेटीकडे बोट केलं, मग दाराकडे. मी म्हटलं, "येईल. निघालीय निळज्याहून." खोटंच म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

पुन्हा लावू का विचारलं तर तिनं मान हलवली. नको.

त्यानंतर तिनं पेटीकडे बघितलेलं नाही. दाराकडे बघते.

खरं लिहायचं तर आता फार उरलेलं नाही. दुखणं फुप्फुसात गेलं आहे. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, जे आवडेल ते द्या. जे आवडेल ते म्हणजे काय? पेज जाते नळीतून. मी नुसता बसून असतो. आत दुसरा कुठला आवाज येत नाही, एवढा खर्च करून धनेशनं बाहेरचं सगळं बंद केलं. तिच्या गळ्यातल्या भोकातून श्वास येतो-जातो तेवढा ऐकू येतो. मधूनमधून ती ओठ हलवते. ती ओळ टाकते आहे हे मला कळतं. कुठली तेही कळतं, इतकी वर्षं ऐकली. पण मला झेलता येत नाही. मी पुरुष माणूस, मला धवला कुठे येतो? एकदा प्रयत्न केला, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

तू आलीस तरी ती बोलणार नाही, हे मनाशी धरून ये. तू विचारशील त्याला उत्तर येणार नाही. कदाचित ओळखेल, कदाचित डोळेच उघडणार नाही. पत्र पोचायला किती दिवस लागतात हल्ली, तेही मला माहीत नाही. पोचेपर्यंत काय होईल ते लिहवत नाही. आणि नाहीच आलीस, तर ती रुसली नव्हती एवढं तरी तुझ्यापाशी राहू दे.

आलीस तर बेल वाजवू नकोस. आतल्या खोलीत ऐकू येत नाही. बाहेरचं दार मी उघडंच ठेवतो. सरळ आत ये आणि तिच्या उशापाशी बस. मला, धनेशला काही बोलली नाहीस तरी चालेल.

तिची ओळ टाकून झालेली असेल. तू फक्त झेल.

तुझा भावजी
काळुराम